लाकडाच्या स्टोव्हसाठी घराबाहेर स्टीलची चिमणी बसवताना

वाईच्या आमच्या घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपला आपण निघून जायचा. इथे अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमध्ये घर लाकडाचं, खिडक्या घट्ट बंद आणि जानेवारीत बाहेर उणे 20. धुराला एकच वाट, तीही आपणच बांधायची. मागच्या वर्षी नवऱ्याने आणि मी मिळून ती बांधली.

आधीच्या मालकाने भिंतीबाहेर साधा एकपदरी पाइप चढवला होता. उतरवला तर आत डांबरासारखा काळा, चकचकीत थर. हा क्रिओसोट. धूर गार पत्र्याला लागला की त्यातली वाफ थिजते, चिकटून बसते आणि एखाद्या दिवशी पेट घेते. बाहेरच्या चिमणीचं मुख्य दुखणं हा गारठाच. म्हणून बाहेर दुपदरी, मधे इन्सुलेशन असलेला स्टेनलेस स्टीलचाच पाइप लावा. त्यावर 'यूएल 103 एचटी' (जास्त उष्णता सोसणाऱ्या चिमणीचं अमेरिकी सुरक्षा-मानक) छापलेलं पाहून घ्या. व्यास स्टोव्हच्या तोंडाइतकाच; आमचा 6 इंची. खरेदीआधी गावच्या अग्निशमन अधिकाऱ्याला आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

सगळ्यात जपून करायचं काम भिंतीत. भोक दोन उभ्या लाकडांच्या मधोमध येईल असं मोजा, भोवती चौकट ठोका आणि त्यात थिंबल (भिंतीतून पाइप पार नेणारं धातूचं कवच) बसवा. इन्सुलेटेड पाइप आणि लाकूड यांच्यात चहूबाजूंनी 2 इंच मोकळी हवा हवी. थंडी आत शिरेल म्हणून तिथे इन्सुलेशन कोंबायचा मोह होतो. अजिबात कोंबू नका. कोंबलं की उष्णता अडकते, लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहतं आणि मग कमी उष्णतेलाही पेटतं.

घरातला काळा एकपदरी पाइप भिंतीपासून 18 इंच दूर ठेवा. आडवा भाग जितका आखूड तितकी धुराची वर जाणारी ओढ चांगली. भिंतीकडे जाताना दर फुटाला पाव इंच चढ द्या. पाइपाचं चुणीदार टोक स्टोव्हकडे यायला हवं, म्हणजे ओघळ स्टोव्हमध्येच परततो. दर सांध्याला 3 स्क्रू.

बाहेर आधार-ब्रॅकेट उभ्या लाकडांतच पिळा, नुसत्या फळ्यांवर नको. त्यावर टी (इंग्रजी T आकाराचा सांधा) बसवा आणि तिच्या तळाला सफाईचं झाकण. वरचे तुकडे फिरवून अडकवायचे, प्रत्येकानंतर ओळंबा लावायचा. भिंतीचे पट्टे आम्ही पुस्तिकेप्रमाणे दर 8 फुटांवर लावले. पागोळीपाशी आम्ही वळण न घेता छपराची कड कापली. तिथेही ते 2 इंच सोडले.

उंचीचा हिशेब असा: छपरातून निघते तिथून किमान 3 फूट, शिवाय आडवं मोजून 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट जास्त. छपरावर 5 फुटांहून अधिक निघत असेल तर तणावे द्या. आमची तशीच होती. शिडीवर एकट्याने चढू नका.

थंड चिमणीतली हवा खाली दाबते, म्हणून आधी कागद पेटवून ती तापवा. लाकूड पुरतं वाळलेलंच. पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला टीचं झाकण काढून आत टॉर्च मारा. थर 3 मिलिमीटर दिसला की ब्रश फिरवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आम्ही मुलांच्या खोलीबाहेर लावला आहे.