चिनी रेशीम पारखताना : ताणा वेगळा तपासा, बाणा वेगळा

बाजारात ‘चायना सिल्क’, ‘सॅटिन सिल्क’ किंवा ‘आर्ट सिल्क’ अशा नावांनी मिळणाऱ्या कापडात रेशमाचा एकही धागा नसण्याची शक्यता असते. सॅटिन हा विणीचा प्रकार आहे आणि ती वीण पॉलिएस्टरचीही होते. आर्ट सिल्क म्हणजे तर कृत्रिम धागाच. त्यामुळे इंदूरच्या शीतलामाता बाजारात ब्लाउजपीस निवडताना, किंवा आजेसासूबाईंच्या पेटीतून निघालेले चिनी किनखापी कापड हाती आल्यावर, केवळ नावावरून काहीच ठरवता येत नाही. ठरवायचे ते धाग्यावरून, आणि तेही उभा धागा (ताणा) व आडवा धागा (बाणा) स्वतंत्रपणे पाहून.

माळव्यातल्या वाचकांना हे पटायला वेळ लागू नये. सुती-रेशमी महेश्वरी साडीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. ते त्या साडीचे वैशिष्ट्यच आहे आणि विणकर ते उघडपणे सांगतो. मात्र शुद्ध रेशीम म्हणून घेतलेल्या कापडात ताणा रेशमाचा आणि बाणा व्हिस्कोसचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कृत्रिम धाग्याचा निघाला, तर ती सरळ फसवणूक होय. असे कापड हाताला मऊ लागते, चमकते, आणि तपासणाऱ्याने एकाच दिशेचा धागा काढला तर कसोटीलाही उतरते. म्हणून कापलेल्या कडेतून किंवा शिवणीच्या आतल्या बाजूने बोटभर लांबीचे चार-पाच उभे आणि तितकेच आडवे धागे काढावेत व ते दोन वेगळ्या कागदांवर ठेवून कागदांवर तशी नोंद करावी. दुकानदाराने दोऱ्याचे टोकही काढू दिले नाही, तर महागडे कापड तिथे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली कसोटी पाण्याची. धाग्याचा मधला भाग ओला करून दोन्ही टोकांनी हळूहळू ताणावा. व्हिस्कोस ओले झाले की बरेच दुबळे होते, त्यामुळे तो धागा बहुधा ओल्या जागीच तुटतो. रेशमाची ताकदही ओलेपणी थोडी घटते, पण इतकी नाही. पॉलिएस्टरवर पाण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून रेशीम आणि पॉलिएस्टर यांच्यात निवड करायची झाल्यास पुढची कसोटी लागते.

ती ज्योतीची. स्टीलच्या ताटलीवर, पंखा बंद करून, पडद्यांपासून दूर, चिमट्यात धागा धरून तो मेणबत्तीजवळ न्यावा. रेशीम म्हणजे प्रथिन, केसांसारखेच. म्हणून ते जळताना जळक्या केसांचा वास येतो, आच दूर केल्यावर ते बहुधा आपणहून विझते आणि मागे काळी, ठिसूळ राख उरते, जी बोटांनी चुरडता येते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते, काळा धूर सोडते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो. व्हिस्कोस आणि सूत भराभर जळतात, कागद जळल्याचा वास येतो आणि हलकी करडी राख राहते. लोकरही केसांसारखीच जळते. परंतु लोकरीचे आखूड, कुरळे तंतू धागा उलगडताच वेगळे दिसतात, तर कोषातला रेशमी तंतू शेकडो मीटर सलग असतो.

तरीही शंका उरली, तर सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या ताज्या ब्लीचमध्ये धागे बुडवून ठेवावेत. रेशीम त्यात हळूहळू विरघळून जाते, तर पॉलिएस्टर, सूत आणि व्हिस्कोस तसेच राहतात. ही कसोटी मला सर्वांत निर्णायक वाटते, कारण इथे वासाच्या अंदाजावर विसंबावे लागत नाही. खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये आम्ल किंवा संडास साफ करायचे द्रावण चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

अंगठीतून कापड ओढून दाखवण्याच्या प्रयोगाला काही अर्थ नाही, कारण पातळ पॉलिएस्टर जॉर्जेटही अंगठीतून सहज जाते. कापडात गाठी दिसल्या म्हणजे ते अस्सल, हा समजही सोडून द्यावा. अशा गाठी दुहेरी कोषांपासून काढलेल्या डुपियन नावाच्या रेशमात असतात. चांगल्या तुती रेशमाचा धागा उलट एकसारखा असतो.

चिनी परंपरेतील काही कापडांना मात्र वेगळी नजर लागते. क्रेप द शीनमध्ये ताण्याला जवळजवळ पीळ नसतो, तर बाण्याला भरपूर पीळ असतो आणि तो दोन धागे उजवा, दोन धागे डावा असा आलटून पालटून येतो. म्हणूनच आडवा धागा काढताच तो गुंडाळला जातो आणि कापडावर बारीक सुरकुती दिसते. ग्वांगडोंग प्रांतातील चिखल-रेशीम तर पहिल्या स्पर्शात रेशीम वाटतच नाही. एका जंगली कंदाच्या टॅनिनयुक्त (तुरट द्रव्य असलेल्या) रसात ते वारंवार बुडवून उन्हात वाळवतात आणि मग त्यावर नदीचा लोहयुक्त चिखल पसरतात. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने एक बाजू काळी, चकचकीत होते आणि दुसरी तपकिरी राहते. ते कागदासारखे ताठ असते आणि वापरून मऊ होते, म्हणून ताठरपणामुळे त्याला नकली ठरवू नये.

नानजिंगचे युनजिन किनखाप उंच मागावर दोन कारागीर मिळून विणतात. एक वर बसून नक्षीचे दोरे उचलतो आणि दुसरा खाली बाणा भरतो. ही कला 2009 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. जुन्या चिनी किनखापातील सोनेरी धागा पाहताना विशेष सावध राहावे. आपल्या जरीत रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते. चिनी पद्धतीत बहुधा कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या वापरतात. तो धागा जाळला तर कागदाचाच वास येईल आणि अस्सल वस्तू खोटी ठरेल. कसोटीसाठी केवळ रेशमी धागा घ्यावा, आणि असे कापड पाण्यात मुळीच बुडवू नये.

चिनी रेशमाचे वजन ‘मॉमी’ या एककात सांगतात. 1 मॉमी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 4.34 ग्रॅम. त्या हिशेबाने 19 मॉमीच्या कापडाचे वजन चौरस मीटरमागे 82 ग्रॅमच्या आसपास भरायला हवे, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते पडताळता येते. वजनावरून धागा रेशमाचा आहे की नाही हे कळत नाही, पण जाड सांगून पातळ कापड दिले असेल तर ते उघड होते.

धागा रेशमाचा ठरला, तरी तो चीनचाच हे घरी सिद्ध करता येत नाही. कर्नाटकातले तुती रेशीम आणि चीनचे तुती रेशीम एकाच जातीच्या किड्याचे असते आणि ज्योतीत ते सारखेच जळते. भारतातले सिल्क मार्क लेबलही शुद्धतेची ग्वाही देते, देशाची नव्हे. म्हणून बिलावर ‘सिल्क’ एवढाच शब्द न स्वीकारता ताणा कशाचा, बाणा कशाचा, रेशमाचे प्रमाण किती टक्के आणि माल कोणत्या देशातला, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे.