जुने फोटो, कागद आणि आवाज सोशल मीडियावर टाकताय? या चुका टाळा

जुना फोटो, हस्तलिखिताचं पान किंवा थोरांच्या तोंडचं गाणं एकदा सोशल मीडियावर टाकलं की ते जपलं गेलं, या समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये. लोकांनी मायस्पेस या सोशल साइटवर 12 वर्षांत चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं. फेसबुकवरचं नवं लाइव्ह चित्रण तर फेब्रुवारी 2025 पासून 30 दिवसांनी आपोआप काढून टाकलं जातं. त्यामुळे लाइव्ह केलंत तर महिन्याच्या आत ते डाउनलोड करून घ्या. मूळ फाइल आपल्याकडेच हवी आणि तिच्या तीन प्रती हव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मूळ समजणं

व्हॉट्सअ‍ॅप फोटोचा आकार कमी करतं आणि फाइलमध्ये दडलेली तारीख, कॅमेरा, ठिकाण ही माहितीही काढून टाकतं. चार ग्रुपमधून फिरून आलेल्या फोटोत चेहऱ्यांच्या कडा चिखलासारख्या झालेल्या दिसतात, त्या यामुळेच. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती बहुधा फोटो फोनवर आल्याची असते. तीच फोटो काढल्याची तारीख म्हणून नोंदवली जाते आणि पुढे सगळी क्रमवारी बिघडते. मूळ फाइल मागवताना ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ती जशीच्या तशी येते.

फेसबुकवर फोटो धूसर दिसत असेल तर मोठी फाइल थेट चढवू नका. तिची लांब बाजू 2048 पिक्सेलची असलेली वेगळी प्रत आपणच तयार करून ती टाका.

स्कॅन करताना घाई

पोस्टकार्डाएवढा, 6 बाय 4 इंचाचा फोटो 600 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 600 ठिपके) स्कॅन केला की 3600 बाय 2400 पिक्सेल मिळतात आणि टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी फाइल, साधारण 26 एमबीची होते. पासपोर्ट आकाराच्या फोटोला 1200 डीपीआय ठेवा. छापील कागदाला 300 पुरतात. जेपीईजी, म्हणजे फोनमधल्या फोटोंची नेहमीची फाइल, पुन्हापुन्हा दुरुस्त करून सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो, म्हणून दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.

फोनमधली स्कॅनर अ‍ॅप बिलं आणि पावत्यांसाठी बनलेली असतात. ती कागद पांढराशुभ्र करतात आणि त्या नादात समासातली पेन्सिलची नोंद पुसली जाते. त्यापेक्षा साधा कॅमेरा बरा. फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत प्रकाश आणि फोन पानाला अगदी समांतर.

फोटोची मागची बाजू न विसरता स्कॅन करा. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या फोटोंच्या कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का असतो. नीटनेटकं दिसावं म्हणून कडा कापल्या की गाव आणि काळ ओळखण्याचा तो धागाच तुटतो. शिक्का वाचता येत नसेल तर दिवे मालवून टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि नाव दिसू लागतं.

एआयने रंग भरलेले फोटो लोकांना आवडतात, पण साडीचा रंग यंत्राने अंदाजाने ठरवलेला असतो आणि 'स्पष्ट' केलेला चेहरा कित्येकदा त्या माणसाचा राहतच नाही. टाकायचाच असेल तर सोबत मूळही टाका आणि काय बदललंय ते लिहा.

'जुन्या आठवणी' एवढीच ओळ

ही चूक आम्हाला सगळ्यात गंभीर वाटते, कारण स्कॅन पुन्हा करता येतो, सांगणारं माणूस पुन्हा मिळत नाही. मागची रांग, डावीकडून, अशी नावं लिहा. एखादं नाव माहीत नसेल तर तिथे 'अनोळखी' लिहा, जागा गाळू नका. साल अंदाजाचं असेल तर अंदाज कशावरून बांधला तेही लिहा: 'अंदाजे 1950 ते 1955, मागच्या मोटारीवरून'. वस्तू कोणाकडून मिळाली याचीही नोंद ठेवा.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखाच दिसणाऱ्या लिपीत हवा. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर पोस्टमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्यासाठी आधी कन्व्हर्टर वापरा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. फोटोवर सजवून लिहिलेली माहिती शोधात सहसा सापडत नाही.

आणि कमेंट! 'तिसऱ्या आमच्या आत्या' अशी एखादी कमेंट महिन्याभराच्या शोधापेक्षा मोलाची असते, पण पोस्ट किंवा खातं गेलं की तीही जाते. दर आठवड्याला अशा कमेंट एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा: फाइलचं नाव, काय सांगितलं, कोणी, कोणत्या तारखेला. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा.

आवाज

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट आकार लहान करायला फार दाबलेली असते, त्यात आवाजाचा तपशील जातो. रेकॉर्डरमध्ये 48 किलोहर्ट्झ, 24 बिट निवडून वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल करा. तासाभराची मोनो (एकाच मायक्रोफोनची) फाइल साधारण 520 एमबी होते. पंखा बंद करा आणि सगळ्यात मोठा आवाजही रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 6 डेसिबलच्या खालीच ठेवा, कारण फाटलेला आवाज नंतर नीट सुधारत नाही. सुरुवातीलाच नाव, तारीख, ठिकाण बोलून घ्या.

पारंपरिक गाण्याच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला तर आधी पार्श्वभूमी ऐका. बऱ्याचदा मागे टीव्ही किंवा स्पीकरवर एखादं ध्वनिमुद्रित गाणं वाजत असतं. तेवढा भाग कापला की प्रश्न बहुधा मिटतो. मागे काहीच नसेल आणि गायन तुम्हीच ध्वनिमुद्रित केलं असेल, तर दाव्याला रीतसर हरकत घ्या.

परवानगी आणि ठिकाण

ध्वनिमुद्रणाला 'हो' म्हणणं म्हणजे जगभर पसरवायला 'हो' म्हणणं नाही. दोन्ही वेगळं विचारा आणि उत्तर ध्वनिमुद्रणातच येऊ द्या. काही विधी, काही गाणी ठरावीक माणसांपुरतीच असतात. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी समाजाच्या गरजेतून उभ्या राहिलेल्या मुकुर्तू या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत कोणी काय पाहायचं हे समाजच ठरवतो. साध्या फेसबुक ग्रुपमध्ये तशी सोय नाही, म्हणून अशा गोष्टी तिथे टाकूच नका.

उघड्यावरच्या, राखण नसलेल्या मूर्तींचं नेमकं ठिकाण जाहीर केलं तर चोरांना वाट सापडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद तशीच राहते. म्हणून असे फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा आणि पोस्टमध्ये तालुक्यापर्यंतच लिहा.