कोकणातलं जुनं घर घेऊन विकायचंय? आधी गिऱ्हाईक ठरवा

पुण्यामुंबईत फ्लॅट घेऊन नीट करून विकणारे आधी बिल्डिंगमधले रेट बघतात. गावात रेट नावाचा प्रकारच नसतो, वाडीत वर्षा-दोन वर्षांत एखादं घर विकलं जातं आणि तेही भावकीतच. म्हणून मी उलटं सुरू करतो, हे घर माझ्याकडून नेमकं कोण घेणार? रिटायर होऊन गावी येणारा चाकरमानी, होमस्टेवाला, की शेजारच्याच घरातला मुलगा? तिघांचं बजेट वेगळं. अशी दोन-तीन खरी माणसं डोळ्यासमोर येत नसतील तर घर कितीही स्वस्त असू दे, सोडून द्या.

भावाचा अंदाज घ्यायचा तर नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्च आहे, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की आधीच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (कोणी कोणाकडून कितीला घेतलं याचा नोंदणीतला गोषवारा) दिसतात. कागदावरची रक्कम आणि खरी रक्कम यात कधीकधी फरक असतो हे आपल्याला माहितीये, तरी चहाच्या टपरीवरच्या आकड्यापेक्षा बरं.

आता कागद, खरा घोळ इथेच. मालक ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीची पावती दाखवतो आणि म्हणतो घर माझं. तो कर आकारणीचा कागद आहे हो, मालकीचा नाही! सातबारा बघा, फेरफार (म्हणजे नावं कशी बदलत आली त्याच्या नोंदी) बघा, गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे तिथल्या जागेचा सरकारी मोजणीचा उतारा, झालंय का विचारा (२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी सुरू झाली, बऱ्याच गावांत मिळतंय). प्रॉपर्टी कार्ड नसेल तर तुमच्या गिऱ्हाइकाला बँक लोन द्यायला कां कू करते, म्हणजे रोख पैसेवालाच शोधायला लागतो. घर शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर उभं असेल तर आणखी पंचाईत, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, म्हणजे अर्धी गिऱ्हाइकं तिथेच गेली. आणि सहहिस्सेदार! माझ्या दुसऱ्या घराला सातबाऱ्यावर सात नावं होती, सहा जणांनी सह्या केल्या आणि सातवी आत्या सुरतेला, तिची समजूत काढण्यात आठ महिने गेले.

घर बघायला दोनदा जा, मे महिन्यात विहिरीचं पाणी बघायला आणि जुलैत गळती बघायला. जाताना जाडसा स्क्रूड्रायव्हर न्या. आढं आणि वासे जिथे भिंतीत शिरतात तिथे टोचून बघायचं, वरून लाकूड छान पॉलिश केल्यासारखं दिसतं आणि आत स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा जातो, भुसा खाली पडतो, म्हणजे वाळवीने पोखरलंय. नुसती कौलं बदलणं आणि अख्खं छप्पर उतरवणं यात लाखांचा फरक पडतो. चिऱ्याच्या भिंतीला जोत्यापासून किती उंचीपर्यंत ओल चढलीये तेही बघा. गाडी दारापर्यंत जाते का आणि तो रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर चाललाय, हे मालकाला नाही तर त्या शेजाऱ्यालाच विचारा.

खर्च छप्पर, वायरिंग, पाणी आणि संडास-बाथरूमवर करायचा. मॉड्युलर किचनचे पैसे गावात परत येत नाहीत.

मग हिशोब, तोही मागून पुढे. समजा नीट केलेलं घर १८ लाखाला जाईल. दुरुस्ती ४ लाख सांगितली तर ५ धरा, कारण पावसाळ्यात काम थांबतं आणि गवंडी गणपतीला गायब होतो. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील मिळून पाऊण लाख, एजंट आणि राखण-वीज आणखी पाऊण. विकायला दीड वर्ष धरा, सहा महिने नाही, म्हणजे अडकलेल्या पैशावर १० टक्क्यांनी साधारण २ लाख व्याज. तुम्हाला अडीच लाख तरी सुटायला हवेत. राहिले ७ लाख. जास्तीत जास्त तेवढीच बोली. शिवाय २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे टॅक्स, आणि हाच धंदा करताय असं दिसलं तर तो धंद्याचं उत्पन्न धरला जातो, सीएला आधीच विचारा.

मालक ११ वर अडून बसला तर वाद नको, चहा प्यायचा आणि नंबर देऊन निघायचं. गणपतीत सगळे भाऊबंद गावी येतात, तेव्हा गळक्या छपराखाली बसून त्यांचीच मीटिंग होते आणि फोन येतो, आणि सह्या गोळा करायला तोच आठवडा बरा असतो.