उंदीर नेमका कशाने मेला?

करोनावरील औषधे प्राण्यांवर तपासण्याच्या कामात जे नव्याने येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारतो की तुमचा प्राणी मरतो तो कशाने. बहुतेकांचे उत्तर "करोनाने" असे असते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही तेच दिले असते, आणि त्या उत्तरापायी माझे आठ महिने वाया गेले.

आमच्याकडे के१८-एसीई२ उंदीर होते. विषाणू पेशीत शिरताना ज्या प्रथिनाला चिकटतो ते एसीई२; साध्या उंदराच्या एसीई२ला मूळ करोनाविषाणू नीट चिकटत नाही, म्हणून माणसाचे एसीई२ जनुक घातलेली ही जात वापरतात; ती पहिल्या सार्सच्या अभ्यासासाठी तयार झाली आणि तिची माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. विषाणूची मात्रा पुरेशी असेल, तर चौथ्या दिवसाच्या सुमारास वजन घटू लागते आणि पाचव्या ते सातव्या दिवसादरम्यान बहुतेक उंदीर मरतात किंवा त्यांना वेदनारहित मरण द्यावे लागते. आमचे औषध दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत तिसऱ्या दिवशी विषाणू स्पष्टपणे कमी होता, तरीही सहाव्या-सातव्या दिवशी औषध दिलेला आणि न दिलेला असे दोन्ही गट सारखेच गेले. "औषध निरुपयोगी" असे लिहून आम्ही मोकळे झालो.

प्राणीगृहात वर्षानुवर्षे काम केलेले एक मामा होते. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पिंजरा माझ्यासमोर धरला आणि मास्कमधून ओरडून म्हणाले, "सर, दमलेला उंदीर कोपऱ्यात बसतो. हा गिरक्या घेतोय." मी मान हलवली आणि वहीत "हालचाल: २" असे गुण लिहिले. पिंजारलेले केस, कुबडलेली पाठ, श्वास आणि हालचाल यांच्या गुणांची बेरीज करून एकच आकडा तक्त्यात भरण्याची आमची पद्धत होती, आणि त्या बेरजेत गिरक्या बेपत्ता झाल्या.

या उंदरांत नाकातून दिलेला विषाणू गंधाच्या वाटेने मेंदूत शिरतो, आणि फुप्फुसांतला विषाणू ओसरत असताना मेंदूतला वाढत जातो. म्हणजे उंदीर न्यूमोनियाने मरतो असे आपण समजत असतो, तेव्हा तो बऱ्याचदा मेंदूच्या संसर्गाने मरत असतो. फुप्फुसांत उत्तम काम करणारे पण मेंदूपर्यंत न पोहोचणारे औषध अशा प्रयोगात नापास होऊ शकते. आम्ही मेंदू काढलाच नव्हता. अवयवांच्या यादीत फुप्फुस, नाकाचा आतला भाग आणि प्लीहा एवढेच होते, आणि बाकीचे शव ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने) निर्जंतुक होऊन भट्टीत गेले होते. मग नैतिक समितीकडे पुन्हा अर्ज, नव्या पिलांची पुन्हा जनुक-तपासणी, आणि तिसऱ्या स्तराच्या जैवसुरक्षा प्रयोगशाळेत जागेसाठी पुन्हा रांग.

सर्वांत जास्त लाज कशाची वाटली असेल, तर ही गोष्ट जुन्या सार्सच्या विषाणूबाबत २००८ सालीच छापून आलेली होती याची. मी फक्त २०२० नंतरचे शोधनिबंध वाचले होते, कारण आमच्या गटात ताज्या प्रीप्रिंटलाच (तज्ज्ञांच्या तपासणीआधी प्रसिद्ध होणाऱ्या निबंधालाच) वाचन म्हणण्याची प्रथा होती. ज्या मार्गदर्शकाने कित्येक वर्षांत प्राणीगृहाचे दार ओलांडलेले नाही, त्याच्याकडून प्रयोगाची दिशा जरूर घ्यावी, पण अवयवांची यादी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्राणी घेतल्याने सुटका होत नाही. प्रश्न फक्त बदलतो. सोनेरी हॅमस्टरचे वजन सहा-सात दिवस घटते आणि दोन आठवड्यांत तो आपोआप बरा होतो, त्यामुळे औषध उशिरा सुरू केल्यास सुधारणेचे श्रेय कोणाचे, हे कळत नाही. उंदराच्या रक्तातले एक एन्झाइम रेमडेसिव्हिर इतक्या लवकर फोडते की त्यासाठी ते एन्झाइम नसलेले उंदीर वापरावे लागले. ऱ्हीसस माकडांत आजार बहुधा सौम्य असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची चाचणी २० माकडांवर, पाच-पाचांच्या चार गटांत केली. तिथे मृत्यू मोजून काहीच कळले नसते, नाक-घशातला आणि फुप्फुसांतला विषाणूच मोजावा लागला. पेशींवरच्या निकालावर तर मुळीच विसंबू नका: हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने माकडाच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या व्हेरो पेशींत विषाणू रोखला, पण माकडांत आणि हॅमस्टरमध्ये त्याचा उपयोग झाला नाही.

हे वाचून घाबरू नका. पहिल्या महिन्यात हात कापतातच, दुहेरी हातमोज्यांतून हॅमस्टर चावतोच, आणि नाकात सोडलेला थेंब फुप्फुसाऐवजी पोटात जातोच. विषाणूला हात लावण्याआधी मृत्यू ठरलेल्याच प्राण्यांवर, समितीची परवानगी घेऊन, निळ्या रंगाने सराव करा. छाती उघडली की द्रव कुठे गेला ते डोळ्यांना दिसते. हे कौशल्य येते, मलाही आले, आणि माझा हात मुळात फारसा स्थिर नाही.

दुसऱ्या खेपेला मेंदूचा अर्धा भाग विषाणू मोजण्यासाठी आणि अर्धा फॉर्मालिनमध्ये ठेवला. दोन्ही गटांच्या मेंदूत विषाणू भरपूर होता. ते औषध पुढे आम्ही हॅमस्टरवर नेले. वहीत आता गुणांच्या शेजारी एक मोकळी ओळ ठेवतो, आणि पहिली ओळ मामांना विचारून लिहिली आहे: "पिंजरा ४, डावीकडे गिरक्या, सकाळी ९.२०."