बडोद्यात बसून एव्हर्टनची विक्रमवही कशी लिहावी

डिक्सी डीनने इंग्लंडमधल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबसाठी एकूण किती गोल केले, या प्रश्नावर आमच्या दांडिया बाजारातल्या मित्रमंडळीत एका रविवारी चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत वाद चालला. एकाचे उत्तर ३४९ होते, दुसऱ्याचे ३७७ आणि तिसऱ्याचे ३८३. घरी येऊन मी आकडे मांडून पाहिले, तेव्हा तिघेही बरोबर निघाले. डीनने लीगच्या ३९९ सामन्यांत ३४९ गोल केले. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या ३२ सामन्यांतले २८ गोल त्यात मिळवले की ३७७ होतात, आणि चॅरिटी शील्ड या वर्षातून एकदा होणाऱ्या मानाच्या लढतीच्या दोन सामन्यांतले ६ गोल (१९२८ साली दोन आणि १९३२ साली चार) धरले की ४३३ सामन्यांत ३८३ ही एकूण बेरीज येते. वाद गोलांविषयी नव्हताच. काय मोजायचे हे कोणीच आधी ठरवले नव्हते.

म्हणून ज्याला एखाद्या इंग्लिश क्लबच्या विक्रमांची आणि आकडेवारीची स्वतःची नोंदवही तयार करायची असेल, त्याने पहिल्या पानावर एकही आकडा लिहू नये. त्या पानावर फक्त व्याख्या असाव्यात: अधिकृत सामना कशाला म्हणायचे, कोणत्या स्पर्धा वेगळ्या ठेवायच्या, मैत्रीपूर्ण सामने घ्यायचे की नाहीत. हे पान कंटाळवाणे होते हे मान्य. पण ते टाळून मी सुरू केलेली पहिली वही सहा महिन्यांनी रद्दीत द्यावी लागली होती.

उदाहरणासाठी मी एव्हर्टन निवडतो, कारण हा क्लब १८८८ साली सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक आहे आणि केवळ चार हंगाम (१९३०-३१ आणि १९५१-५२ ते १९५३-५४) सोडले तर तो कायम सर्वोच्च श्रेणीत खेळत आला आहे. त्यामुळे इंग्लिश फुटबॉलचे नियम जेव्हा जेव्हा बदलले, तेव्हा तेव्हा त्या बदलाचा ओरखडा या क्लबच्या आकड्यांवर उमटलेला सापडतो.

वहीत विक्रम लिहू नयेत, सामने लिहावेत. एका सामन्याला एक ओळ द्यावी आणि विक्रम त्या ओळींमधून आपोआप वर येऊ द्यावेत. ओळीत तारीख, स्पर्धा, मैदान, प्रतिस्पर्धी, आपले गोल, त्यांचे गोल, प्रेक्षकसंख्या, गोल करणाऱ्यांची नावे आणि शेवटी शेरा, एवढे रकाने पुरतात. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. सुरुवात १८८८ पासून करण्याचा मोह आवरावा आणि एकच हंगाम हातात घ्यावा. मी १९२७-२८ घेतला होता, कारण त्यात ४२ सामने आहेत आणि गोष्टही आहे. त्या हंगामात डीनने ३९ लीग सामन्यांत ६० गोल केले. आदल्याच हंगामात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या श्रेणीत ५९ केले होते. ५ मे १९२८ रोजी आर्सेनलविरुद्धच्या शेवटच्या सामन्याआधी डीनचे ५७ झाले होते, म्हणजे विक्रमासाठी नेमके तीन हवे होते, आणि ३-३ अशा बरोबरीत सुटलेल्या त्या सामन्यात एव्हर्टनचे तिन्ही गोल त्याच्या नावावर लागले नसते, तर आज आपण कॅमसेलचे नाव घेत असतो. अर्थात तिथेही ‘कोणत्या श्रेणीत’ हा रकाना लागतोच.

संगणकावर एक्सेलमध्ये वही करणाऱ्यांनी दोन खोड्यांपासून सावध राहावे. पहिली म्हणजे ‘११-२’ असा निकाल एकाच चौकटीत लिहिला की एक्सेल त्याची मुकाट्याने तारीख करून टाकतो. म्हणून आपले गोल आणि त्यांचे गोल यांचे रकाने नेहमी वेगळे असावेत. दुसरी अधिक त्रासदायक आहे. एक्सेलची दिनगणना १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, त्यामुळे त्याआधीच्या तारखांना तो तारीख मानतच नाही आणि त्या तारखा क्रमाने लावता येत नाहीत. एव्हर्टनचा सर्वांत मोठा विजय नेमका त्या काळातला आहे: १८ जानेवारी १८९० रोजी एफए कपमध्ये डर्बी काउंटीवर ११-२. अशा वेळी वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन स्वतंत्र रकाने करावेत. तो सामना घरच्या मैदानावर झाला, पण ‘घर’ म्हणजे एव्हर्टनचे नंतरचे मैदान गुडिसन पार्क असे लिहिले तर चूक होईल, कारण एव्हर्टन १८८४ ते १८९२ या काळात अ‍ॅनफिल्डवर खेळत होता. पुढे ते मैदान लिव्हरपूलचे झाले, आणि एव्हर्टनच्या पुरुष संघाने २०२५ साली गुडिसनही सोडले. तेव्हा मैदानाचे नाव लिहावे, नुसते ‘घरचे’ लिहून भागत नाही.

बडोद्यातून थेट प्रक्षेपण पाहून नोंद करणाऱ्यांसाठी तारखेचा आणखी एक फास आहे. इंग्लंडमध्ये रात्री आठ वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेबारा वाजता आणि हिवाळ्यात दीड वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख उलटलेली असते. तिथली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे होतात, त्यामुळे हा फरक कधी साडेचार तास असतो तर कधी साडेपाच. वहीत नेहमी इंग्लंडची तारीख लिहावी. मी एका हंगामात मंगळवारचे सारे सामने बुधवारी घातले होते आणि एका खेळाडूचे पदार्पणाच्या दिवसाचे वय एका दिवसाने वाढवले होते.

वयाच्या विक्रमांत एका दिवसाला फार किंमत असते. एव्हर्टनसाठी सर्वांत लहान वयात गोल करणाऱ्या जेम्स वॉनचा जन्म १४ जुलै १९८८ चा आणि क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा त्याचा गोल १० एप्रिल २००५ चा. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर वाढदिवस सोडून मोजले तर २७० दिवस येतात, आणि वाढदिवसही धरला तर २७१. कोणतीही एक पद्धत घ्यावी. मात्र एव्हर्टनच्याच वेन रूनीचे वय एका पद्धतीने आणि वॉनचे दुसऱ्या पद्धतीने काढू नये.

हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो, ही गोष्ट बडोदेकरांना समजावून सांगावी लागत नाही. ज्या शहरात दिवाळीला चोपडापूजन होते आणि दुसऱ्या दिवशीपासून नवे साल लागते, तिथे जानेवारीपासून मोजलेले वर्ष हेच एकमेव वर्ष नव्हे हे लहान मुलालाही ठाऊक असते. फक्त ‘वर्षातील सर्वाधिक गोल’ असे कुठे वाचले, तर ते हंगामाचे आहेत की इंग्रजी वर्षाचे, हे तपासल्याखेरीज ते वहीत घेऊ नये.

आता गुणांकडे येऊ. माझ्या मते या कामातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. इंग्लंडमध्ये १९८०-८१ पर्यंत विजयाला दोन गुण मिळत आणि १९८१-८२ पासून तीन मिळू लागले; बरोबरीला दोन्ही पद्धतींत एकच. म्हणून एव्हर्टनच्या सर्वाधिक गुणांचे दोन विक्रम सांगितले जातात: १९६९-७० चे ६६ आणि १९८४-८५ चे ९०. दोन्ही हंगामांत सामने ४२ आणि दोन्ही वेळा विजेतेपद. नुसते आकडे पाहणाऱ्याला दुसरा हंगाम फार मोठा वाटेल. पण १९६९-७० मध्ये २९ विजय, ८ बरोबरी आणि ५ पराभव होते. आजच्या पद्धतीने त्याचे ९५ गुण होतात. १९८४-८५ मध्ये २८ विजय, ६ बरोबरी आणि ८ पराभव होते; जुन्या पद्धतीने ते ६२ भरतात. कोणत्याही मापाने तोलले तरी आधीचाच हंगाम जड ठरतो. म्हणून गुणांचे तीन रकाने करावेत: तेव्हा प्रत्यक्ष मिळालेले, तीनच्या पद्धतीने होणारे, आणि दर सामन्यामागे सरासरी. तिसरा रकाना आवश्यक आहे, कारण सामन्यांची संख्याही बदलत गेली. १८९०-९१ मध्ये एव्हर्टन पहिल्यांदा विजेता झाला तेव्हा हंगाम अवघ्या २२ सामन्यांचा होता, आणि आज तो ३८ सामन्यांचा आहे.

गोलांच्या हिशेबातही अशीच गंमत आहे. गुण सारखे झाले तर १९७५-७६ पर्यंत केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागत. त्यानंतर वजाबाकी आली. १९६९-७० मध्ये एव्हर्टनने ७२ गोल केले आणि ३४ खाल्ले. १९८४-८५ मध्ये ८८ केले आणि ४३ खाल्ले. वजाबाकीत ३८ विरुद्ध ४५ येतात, म्हणजे दुसरा हंगाम सरस. भागाकारात २.१२ विरुद्ध २.०५ येतात, म्हणजे पहिला. दोन्ही रकाने ठेवावेत आणि वाचणाऱ्याला भांडू द्यावे.

शेऱ्याचा रकाना रुंद का, हे २०२३-२४ च्या हंगामावरून कळेल. एव्हर्टनने मैदानावर १३ विजय आणि ९ बरोबरींतून ४८ गुण मिळवले, पण आर्थिक नियमभंगाबद्दल आठ गुण कापले गेले आणि तक्त्यात ४० उरले. संघाच्या खेळाचा विक्रम पाहायचा असेल तर ४८ धरावेत, क्रमवारीचा पाहायचा असेल तर ४०.

‘सर्वांत मोठा विजय’ या शब्दांतही खाच आहे. लीगमध्ये एव्हर्टनने १९०६ साली मँचेस्टर सिटीला आणि १९३० साली प्लिमथ आर्गाइलला ९-१ असे हरवले, तर १९७१ साली साउदॅम्प्टनला ८-० असे. फरक तिन्ही ठिकाणी आठच. फरकाने मोजायचे, की केलेल्या गोलांनी, की एकही गोल न खाता मिळवलेला विजय अधिक मानायचा, हे पुन्हा पहिल्या पानावर जाऊन लिहावे. मोठ्या पराभवाबाबतही तोच घोळ आहे: ११ ऑक्टोबर १९५८ रोजी टॉटनहॅमने दहा गोल केले आणि एव्हर्टनने चार, पण २००५ साली आर्सेनलकडून झालेल्या ७-० अशा पराभवात फरक त्याहून मोठा होता.

जे सामने मोजायचे नाहीत, तेही वहीत असावेत, पण वेगळ्या पानावर. १९३९-४० चा लीग हंगाम तीन सामन्यांनंतर युद्धामुळे थांबला आणि ते सामने अधिकृत नोंदीतून काढले गेले; युद्धकाळात प्रादेशिक लीग चालू होत्या, पण त्यांतले गोल कारकिर्दीच्या बेरजेत धरत नाहीत. १९२९ मध्ये क्लबात आलेला आणि १९५३ पर्यंत राहिलेला गोलरक्षक टेड सागर याच्या सामन्यांची संख्या पाहताना ही गाळलेली वर्षे डोळ्यांसमोर ठेवली नाहीत, तर त्याच्यावर अन्याय होतो. अर्धवट राहिलेल्या सामन्याचे सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या क्लबचे आहे. २८ जानेवारी १९६१ रोजी ल्यूटनविरुद्ध डेनिस लॉने मँचेस्टर सिटीसाठी सहा गोल केले. चिखलामुळे सामना ६९व्या मिनिटाला थांबवला, ते सहाही गोल पुसले गेले आणि पुन्हा झालेल्या सामन्यात सिटी हरली. पेनल्टी शूटआउटचे, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी सामन्यानंतर मारल्या जाणाऱ्या फटक्यांचे, गोलही बेरजेत येत नाहीत. नोव्हेंबर १९७० मध्ये युरोपियन कपमध्ये एव्हर्टनने बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या जर्मन क्लबला शूटआउटमध्ये ४-३ असे हरवले, तरी सामन्याच्या रकान्यात १-१ एवढेच लिहायचे.

खेळलेल्या सामन्यांची संख्या दोन भागांत लिहावी: सुरुवातीपासून खेळलेले आणि बदली म्हणून उतरलेले. लीगमध्ये बदली खेळाडू १९६५-६६ पासूनच आले, त्याआधी हा प्रश्न नव्हता. गोलरक्षकांचे मात्र काम सोपे असते, कारण ते बदली म्हणून क्वचितच उतरतात. नेव्हिल साउथॉलचे क्लबसाठी सर्वाधिक ७५१ सामने आहेत, त्यांतले ५७८ लीगमधले.

प्रेक्षकसंख्येवर फार वेळ घालवू नये. गुडिसनवरचा उच्चांक १८ सप्टेंबर १९४८ च्या लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यातला ७८,२९९ हा आहे, आणि सगळे प्रेक्षागार खुर्च्यांचे झाल्यावर तो मोडणे शक्यच नव्हते. जुन्या सामन्यांचे गोलगोल हजारांतले आकडे अंदाजाचे समजावेत, आणि २०२०-२१ चे रिकाम्या मैदानावरचे सामने सरासरीतून वगळावेत.

उरला प्रश्न पडताळणीचा. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध आपल्या बडोद्यात केलेली ५७७ धावांची भागीदारी आपण निःशंकपणे सांगतो, कारण क्रिकेटमध्ये गुणलेखक प्रत्येक धाव लिहीत असतो. जुन्या फुटबॉलमध्ये तसा माणूस नव्हता. गोल कोणाचा हे बातमीदाराने गर्दीतून जे पाहिले त्यावर ठरे, आणि दोन वर्तमानपत्रांत दोन नावे सापडतात. त्यामुळे प्रत्येक नोंद दोन स्वतंत्र ठिकाणी पाहावी. एकमेकांची नक्कल करणारी दोन संकेतस्थळे हे एकच ठिकाण होय. मतभेद मिटला नाही, तर दोन्ही नावे शेऱ्यात लिहून ठेवावीत.

हंगामाच्या ओळी पूर्ण झाल्या की व्यापारी जसा रोजमेळ जुळवतो तसा गोलांचा मेळ घालावा: आपल्या सर्व खेळाडूंचे गोल आणि प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल यांची बेरीज संघाच्या गोलांइतकी आलीच पाहिजे. १९२७-२८ मध्ये एव्हर्टनचे लीगमधले गोल १०२ होते, त्यांतले डीनचे ६० गेले की ४२ उरतात. ते ४२ गोल एकेका नावावर नीट लागेपर्यंत त्या हंगामाच्या पानाखाली रेघ मारू नये.