रिटेनिंग वॉलवर फुलझाडं सोडताय? आधी या चुका टाळा

उतारावर घर बांधलं की रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती अडवणारी भिंत, आलीच, कोकणात चिऱ्याची, पुण्याकडे काळ्या दगडाची नाहीतर आरसीसीची, आणि भिंत उभी राहिली की ती बोडकी दिसते म्हणून तिच्यावर फुलांचं काहीतरी सोडायची घाई होते. मग मोबाईलवरचा फोटो नर्सरीवाल्याला दाखवायचा, तो जे देईल ते गाडीत टाकायचं आणि मे महिन्यात लावून मोकळं व्हायचं. जुलैपर्यंत निम्मं कुजतं, निम्मं मातीसकट खाली येतं. झाडाचा दोष नसतो हो यात. भिंतीसाठी झाड निवडताना आधी पाऊस बघायचा, मग ऊन, मग भिंतीतून पाणी कुठून निघतंय ते, आणि फुलाचा रंग सगळ्यात शेवटी.

त्या फोटोचंच बघा. दगडी भिंतीवरून ओघळणारा गुलाबी-जांभळा पट्टा, पान दिसत नाही इतकी फुलं. ती बहुतेक वेळा क्रीपिंग फ्लॉक्स असते. मूळची उत्तर अमेरिकेची, जपानमध्ये तिच्या मोठमोठ्या बागा आहेत आणि एप्रिल-मेमध्ये लोक मुद्दाम बघायला जातात. तिला कडाक्याची थंडी लागते, ती रत्नागिरीत सोडा, पुण्यातही मिळत नाही. ऑनलाइन तिच्या बियांची पाकिटं मात्र जोरात विकली जातात, आणि हे झाड मुख्यतः कटिंगने किंवा गड्डे फोडून वाढवतात, त्यामुळे पाकिटातून काय उगवेल ते देव जाणे. आपल्याकडे नर्सरीत हिवाळ्यात जो फ्लॉक्स मिळतो तो वेगळा, टेक्सासकडचा, एका हंगामाचा. डिसेंबर-जानेवारीत छान दिसतो, उन्हाळा चढला की संपला. ऑब्रिएटा, अजुगा, क्रीपिंग थाइम ही मंडळीही त्याच थंड गावची, फोटोतच बरी.

दुसरी चूक ऑफिस टाइमची, म्हणजे पोर्टुलाकाची. स्वस्त, काडी खोचली की लागतो, रंग तर विचारूच नका, त्यामुळे प्रत्येक भिंतीवर पहिला तोच जातो. पण त्याचं देठ-पान रसाळ असतं, आणि कोकणातला तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस त्याला झेपत नाही, आठवडाभर झड लागली की बुडापासून पिचपिचीत होतो. पुण्यात पाऊस साधारण सातशे मिलिमीटर, तिथे तो उंचावरच्या, भरपूर ऊन असलेल्या जागेत तग धरतो, सोलापूरकडे तर मजेत राहतो. म्हणजे एकच झाड एका गावात योग्य आणि घाट उतरला की चूक. कोकणात हवाच असेल तर मेअखेरीला थोड्या काड्या कुंडीत लावून पडवीत ठेवा आणि दसऱ्यानंतर परत भिंतीवर न्या. सावलीत फुलं उघडत नाहीत, म्हणून उत्तरेकडच्या भिंतीवर त्याचा नाद नकोच.

आता वेडेलिया. पिवळी फुलं, हिरवंगार पान, खत नको, पाणी नको, नर्सरीवाला अगदी प्रेमाने देतो. हीच जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, आणि आपली टणटणी म्हणजे घाणेरीपण त्याच यादीत आहे. वेडेलियाचा प्रत्येक पेर जमिनीला टेकला की मूळ सोडतो, छाटलेल्या काड्या ओढ्याकडे टाकल्या तर पुढच्या पावसात ओढा पिवळा. खाली शेत, परसू किंवा वहाळ असेल तर आणूच नका. आधीच लागली असेल तर छाटणी उन्हात पूर्ण वाळवा, मगच खड्ड्यात टाका. हिच्याऐवजी पिवळंच हवं असेल तर शोभेचा भुईमूग घ्या, नर्सरीत पिंटो पीनट म्हणतात. मूळचा ब्राझीलचा, जमिनीलगत चटई धरतो, मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र वापरतो म्हणून युरियाचं काम नाही, आणि उतारावरची माती खरंच धरून ठेवतो. फक्त पहिले काही महिने त्यातलं तण हाताने काढत बसावं लागतं, इथे आळस केला तर गवत जिंकतं.

खाली लोंबणारं हवं असेल तर रसेलिया. लाल, बारीक नळीसारखी फुलं, पावसाला दाद देत नाही, शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी दिवसभर त्यावर. पसरणारा जांभळा लँटाना कडक उन्हाला उत्तम आहे, पण गुरं-शेळ्या तोंड घालतील अशा जागी लावू नका, लँटाना त्यांना विषारी असतो. निळं हवं तर इव्हॉल्वुलस, पण तो देशावर, कोकणात मुळाशी पाणी साचलं की बसतो. सावलीत फुलांचा फार हट्ट धरू नका, झेब्रिना लावा आणि पावसाळ्यापुरता टोरेनिया.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र झाडाची नाहीच, भोकांची आहे. भिंतीत ठराविक अंतरावर पीव्हीसी पाइपचे तुकडे सोडलेले दिसतात ना, ती वीप होल. पावसात मागची माती पाण्याने भरते आणि तो सगळा दाब भिंतीवर येतो, तो या भोकांतून सुटायला हवा. लोक करतात काय, भोक दिसायला वाईट म्हणून त्यातच झाड खोचतात, नाहीतर वरून पडदा वेल इतकी सोडतात की भोकं कुठे होती तेच विसरायला होतं. २०१९ च्या पावसाळ्यात कोंढव्यात आणि मालाडमध्ये भिंती कोसळून माणसं गेली, त्यामुळे हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. तपासायचं सोपं आहे. जुलैत मोठी सर येऊन गेली की भिंतीसमोर जाऊन उभं राहायचं. भोकांतून पाणी ठिबकतंय तर ठीक. भोकं कोरडी पण भिंतीच्या सांध्यातून ओल फुटलीय, म्हणजे मागे तुंबलंय. पाइपच्या तोंडाशी आलेली मुळं आणि गाळ हाताने, छोट्या सळईने काढायचा, पण सळई आत खोल घुसवायची नाही, मागे खडी आणि कापड असतं ते फाटलं तर माती यायला लागते. भिंतीला पोट आलेलं दिसलं तर माळ्याला नाही, इंजिनियरला बोलवायचं.

जुना सुक्या दगडाचा गडगा असेल तर त्याला भोकं लागत नाहीत, पाणी सांध्यांतून निघतं. तो "पक्का" करायला म्हणून सिमेंटचं पॉइंटिंग करणं, म्हणजे सांधे बुजवून टाकणं, हा आपल्या हाताने केलेला घोटाळा. राहू द्या तसाच, पावसात त्यावर नेचे आणि तेरडा आपोआप येतो, कित्येक नर्सरीच्या रोपांपेक्षा देखणा. मात्र कासला जाऊन तिथली रोपं उपटून आणू नका, ती घरी जगत नाहीत आणि पठाराचं नुकसान होतं ते वेगळंच.

माती भरताना काळी माती टाळा. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, भिंतीला ढकलत राहते. लाल माती, थोडी जाडी वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. "पूर्ण कुजलेलं" हे गंभीरपणे घ्या, कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि झाड वरून उगीचच सुकायला लागतं, उपटून बघावं तर खाली मुळंच नाहीत. मातीची पातळी भिंतीच्या काठापेक्षा तीन-चार इंच खाली ठेवा, नाहीतर पहिल्या वळवात चिखलाचे ओघळ भिंतीभर. रोपं काठावर लावायची नाहीत, फूटभर आत लावा, ती आपल्या पायाने काठापर्यंत येतात.

लावायची वेळ गणपतीनंतर ते दसऱ्यापर्यंत. जोरदार पाऊस ओसरलेला असतो, मातीत ओल असते, आणि उन्हाळ्याआधी मुळं धरायला पुरेसा वेळ मिळतो. मे महिन्यातच लावायचं असेल तर वरून काथ्याची जाळी अंथरा.

आता नेहमीच्या तक्रारी. नवीन सिमेंटच्या भिंतीलगत मिनी एक्झोराची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर पाणी वाढवू नका. सिमेंटमधला चुना मातीत उतरून झाडाला लोह मिळत नाही, चिलेटेड लोहाची फवारणी करा, शेणखत वाढवा, हिराकसपण (फेरस सल्फेट) चालतो पण बेताने. नुसता पाला आणि फूल नाही, तर एकोणीस-एकोणीस खताचा मारा थांबवा आणि ऊन किती तास पडतंय ते मोजा. पश्चिमेकडची भिंत एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते आणि वरचा काठ सगळ्यात आधी वाळतो, तिथे बारा मिलिमीटरची ड्रिपची नळी फिरवा, पाइपने फवारत बसलात तर माती सुटते.

आणि पायऱ्यांजवळ दाट काही लावू नका. दगडी भिंत, वर दाट झुडपाचा आडोसा, म्हणजे फुरसं आणि घोणस यांना आयतं घर, पावसाळ्यात शंखी गोगलगायीही तिथेच दडतात आणि रात्री टोरेनिया फस्त करतात. पायरीपासून दोन-तीन फूट पट्टा आखूड छाटलेला ठेवा आणि तिथे हात घालायच्या आधी काठीने हलवून घ्या.

ही सगळी निगा करताना भिंतीच्या फटीही बघत जा, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबर तिथे रुजतातच. बोटभर असताना पाऊस पडून गेल्यावर ओढला तर मुळासकट हातात येतो. मनगटाएवढा झाल्यावर ओढायला गेलात तर चिरा घेऊन येतो, तेव्हा मग वरचेवर कापत राहायचं आणि गवंड्याला दाखवून घ्यायचं.