‘गेले’ म्हणू नका

आयसीयूत नर्स म्हणून मला एकवीस वर्षं झाली. सुरुवातीला एकदा एका बाईंना मी हळूच म्हटलं, "काकू, काका गेले हो." त्यांनी पिशवी उचलली आणि विचारलं, "कुठे? परत स्कॅनला नेलं का?" मग तीच बातमी मला पुन्हा, नीट शब्दांत सांगावी लागली. तेव्हापासून ‘गेले’ बंद. ‘एक्स्पायर झाले’ तर नाहीच, ती औषधाच्या बाटलीवरची भाषा. "त्यांचा मृत्यू झालाय" किंवा "ते वारले" म्हणा. कानाला टोचतं, पण ऐकणाऱ्याला अर्थ लावत बसावं लागत नाही.

नवीन मुलींना मी सांगते, बाहेर जायच्या आधी फाइल उघडा. पेशंटचं नाव आणि वाट बघणाऱ्याचं नातं, दोन्ही वाचा. एप्रनवर डाग असेल तर तो बदला. मोबाइल कुणाकडे तरी देऊन जा, सायलेंटवरचाही खिशात थरथरतो. दोन खुर्च्या असतील अशी जागा शोधा आणि आधी स्वतः बसा, म्हणजे समोरचेही बसतात.

मग विचारा, "आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?" आणि उत्तर पूर्ण होऊ द्या. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात, असं दिसलं होतं. आम्ही नर्सही यात मागे नाही.

वाईट बातमी सांगण्यासाठी ‘स्पाइक्स’ नावाची सहा टप्प्यांची पद्धत २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांनी मांडली. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे आधी सावध करणं. "बातमी चांगली नाहीये." एक श्वास थांबायचं. मग एकच वाक्य. हृदय कसं बंद पडलं, कोणती इंजेक्शनं दिली, हे त्या वाक्याला जोडू नका.

यानंतर गप्प बसायचं, आणि तेच जमत नाही. जीभ वळवळते. "धीर धरा", "सुटले बिचारे", "मी समजू शकते" असलं काहीतरी तोंडातून निघू पाहतं. मी मांडीवरच्या हाताची पेरं अंगठ्याने मोजते. एकदा तीन बोटं मोजून झाली, चौथं सुरू केलं, तेव्हा समोरचा मुलगा म्हणाला, "सकाळी पाणी मागत होते. त्यांना तहान लागलेली का?" व्हेंटिलेटर, रिपोर्ट, बिल, कशाबद्दल काही नाही. मी म्हटलं, "घोट देता येत नव्हता. पण ओल्या कापसाने आम्ही त्यांचे ओठ पुसत होतो. शेवटचे मीच पुसले." खरं होतं म्हणूनच बोलले. तसं नसतं तर खोटं सांगू नये. मी आधीच बडबडले असते, तर त्याने विचारलंच नसतं.

कुणी ओरडलं तर लगेच बाजू मांडू नका. राग हा अमुक पायरीवरच येतो, असं गणितही मांडू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या त्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मुळात मृत्यूच्या दारातल्या पेशंटशी बोलून आलेल्या आहेत. "तुम्हाला वेळेवर बोलावलं नाही असं वाटतंय ना?" एवढं म्हणून ऐका.

फोनवर असाल तर आधी विचारा, "गाडी चालवताय का? सोबत कुणी आहे?"

कागदपत्रांचं तोंडी सांगितलेलं त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात राहत नाही. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून द्या. ‘बॉडी’ म्हणू नका, नाव घ्या.

आणि सामान. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून देऊ नका. चष्म्यावर चिकटपट्टीचा डिंक राहिलेला असतो, तो स्पिरिटने काढून, काचा पुसून, मिटून हातात द्या.